अमेरिकेत ‘नवा कायदा’ आला म्हणतात, तो खरंच आला का हे कसं तपासायचं

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतून भारतात पैसे पाठवणाऱ्या घरांमध्ये एकच आकडा फिरत होता: पाच टक्के कर. थोड्याच दिवसांत त्याचे साडेतीन झाले. ४ जुलैला राष्ट्राध्यक्षांची सही झाली तेव्हा कायद्यात उरला एक टक्का, तोही रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पैसे पाठवले तरच. बँक खात्यातून किंवा अमेरिकी डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवले तर काहीच नाही. तिन्ही आकडे खरे होते, पण एकाच विधेयकाच्या तीन टप्प्यांवरच्या मजकुरातले. म्हणून ‘किती टक्के’ विचारण्याआधी कागद कुठला आणि तो कुठवर पोचलाय, हे बघा.

आधी ठरवा, कागद काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, की राष्ट्राध्यक्षांकडचा. आपल्याकडे मंत्री संसदेतच बसतात आणि सरकारी विधेयक बहुमतावर बहुधा मंजूर होतंच. त्यामुळे ‘विधेयक मांडलं’ ऐकलं की कायदा आलाच असं आपण धरून चालतो. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात, त्यांना विधेयक मांडताच येत नाही. मांडतात ते प्रतिनिधीगृहाचे ४३५ आणि सेनेटचे १०० सदस्य, आणि त्यासाठी एकाची सही पुरते. प्रतिनिधीगृहात क्लार्कच्या टेबलाशी एक लाकडी पेटी असते. कामकाज चालू असताना सदस्याने कागद त्या पेटीत टाकला की झालं विधेयक दाखल. चर्चा नाही, मतदान नाही. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये अशी हजारो विधेयकं येतात आणि कायदा होतो तो मोजक्यांचाच.

आता विधेयकाचा क्रमांक मिळवा. ‘एच. आर.’ म्हणजे प्रतिनिधीगृहातलं, ‘एस.’ म्हणजे सेनेटमधलं. सोबत कितवी काँग्रेस हेही हवं, कारण दर दोन वर्षांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. ३ जानेवारी २०२५ ला सुरू झालेली ११९ वी. बातमीत क्रमांकच नसेल तर ती पुढे पाठवू नका. क्रमांक काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर टाका आणि दोन कप्पे उघडा.

पहिला ‘ॲक्शन्स’. तिथली शेवटची नोंद ‘रेफर्ड टू’ आणि पुढे समितीचं नाव अशी असेल, तर विधेयक समितीत पडून आहे. बहुतेक तिथेच संपतात, कारण विषय घ्यायचा की नाही हे बरंचसं समितीच्या अध्यक्षाच्या हातात असतं. समितीला डावलून विधेयक सभागृहात आणायला प्रतिनिधीगृहात २१८ सह्या लागतात. त्या क्वचितच जमतात.

दुसरा कप्पा ‘टेक्स्ट’. खरी गल्लत इथे होते. ‘इंट्रोड्यूस्ड’ म्हणजे मांडलेला मजकूर, ‘एंग्रॉस्ड’ म्हणजे एका सभागृहाने मंजूर केलेला आणि ‘एनरोल्ड’ म्हणजे दोन्ही सभागृहांनी शब्दन् शब्द सारखा मंजूर केलेला. पैसे पाठवण्यावरचा साडेतीन टक्के कर २२ मे २०२५ ला प्रतिनिधीगृहाने २१५ विरुद्ध २१४ मतांनी मंजूर केलेल्या मजकुरात होता. १ जुलैला सेनेटने उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतासह ५१-५० ने मंजूर केला तो बदललेला मजकूर, म्हणून विधेयक पुन्हा प्रतिनिधीगृहात न्यावं लागलं. एका शब्दाचा फरक उरला तरी ते राष्ट्राध्यक्षांकडे जात नाही.

सेनेटमध्ये ५१ मतं म्हणजे काम झालं असं समजू नका. साध्या विधेयकावरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. वरचं विधेयक ५१ वर निभावलं, कारण ते अर्थसंकल्पाशी निगडित खास वाटेने आणलं होतं. त्या वाटेवर ६० ची अट नाही, मात्र मजकूर महसूल-खर्चाशी जोडलेला असावा लागतो.

ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या मराठी घरांनी ११६ व्या काँग्रेसमधलं एच. आर. १०४४ जरूर अभ्यासावं. नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा उठवणारं हे विधेयक १० जुलै २०१९ ला प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सेनेटने २ डिसेंबर २०२० ला याच विषयावरचं एस. ३८६ बिनविरोध मंजूर केलं, पण मजकूर वेगळा. दोन्हींचा मेळ बसायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं बारगळलं. मागचं काही पुढच्या काँग्रेसमध्ये आपोआप जात नाही.

दोन्ही सभागृहांतून पार पडलं की राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. सही केली तर कायदा. सही न करता ठेवून दिलं आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल, तरीही कायदा; अधिवेशन संपलं असेल तर विधेयक मेलं. नकाराधिकार वापरला तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. कायदा झाला की ‘पब्लिक लॉ’ क्रमांक मिळतो. तो दिसेपर्यंत ‘कायदा झाला’ म्हणू नये.

राष्ट्राध्यक्षांकडचा कागद असेल तर फेडरल रजिस्टर उघडा. आपल्या राजपत्रासारखं ते रोज निघतं. आदेश आणि घोषणा एका सहीने निघतात, पण काँग्रेसने कायद्यात बसवलेला आकडा त्या बदलू शकत नाहीत. सात टक्क्यांची मर्यादा किंवा एच-१बी या कुशल परदेशी कामगारांच्या व्हिसाची वर्षाला ६५,००० अधिक २०,००० ही संख्या बदलायला कायदाच लागतो. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर भरायला लावणारी घोषणा झाली, तेव्हा जुने व्हिसाधारकही घाबरून विमानतळांकडे धावले. ती २१ सप्टेंबरपासूनच्या नव्या अर्जांपुरती आहे, हा सरकारी खुलासा दुसऱ्या दिवशी आला.

सरकारी खात्यांचे नियम सावकाश होतात: आधी मसुदा, मग बहुधा ३० ते ६० दिवस हरकती व सूचना, मग अंतिम नियम. हरकत रेग्युलेशन्स डॉट गव्हवर कोणालाही नोंदवता येते. तिथे नुसता विरोध लिहू नका. कलम सांगा आणि तुमच्या कामाचं त्यामुळे नेमकं काय अडतं ते लिहा, कारण महत्त्वाच्या मुद्द्यांना खात्याला अंतिम नियमात उत्तर द्यावं लागतं. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी धारकांच्या, जोडीदारांना नोकरीची परवानगी याच वाटेने मिळाली. अंतिम नियम २५ फेब्रुवारी २०१५ ला छापला गेला आणि अर्ज घ्यायला सुरुवात झाली २६ मेपासून. तेव्हा छापल्याची तारीख आणि अंमलाची तारीख दोन्ही वहीत वेगवेगळ्या लिहून ठेवा.