पी. सावळारामांची जुनी गाणी शोधायला बसताय? मग हे वाचा

ठाण्यात जन्म काढला पण पी. सावळाराम कोण हे मला पस्तिशीपर्यंत धड माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. नाव कानावर होतं कारण महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि आजी म्हणायची की अरे ते आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गाणी मात्र अर्धीअधिक तोंडपाठ, फक्त ती सगळी "लताबाईंची", "आशाबाईंची" किंवा "सुमन कल्याणपूरची" म्हणून. गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का, कल्पवृक्ष कन्येसाठी, जिथे सागरा धरणी मिळते, ही सगळी एकाच माणसाने लिहिली आणि तो माणूस आपल्याच गावात राहायचा, हे कळल्यावर जरा लाजच वाटली. गीतकाराचं हे असंच होतं, गाणाऱ्याचं नाव राहतं, चाल लावणाऱ्याचं निम्मं राहतं आणि लिहिणारा गळतो.

तर गेली दोन-तीन वर्षं मी त्यांच्या गाण्यांची यादी करतोय, त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या कुठल्या गीतकारावर काम करायचं असेल तरी पद्धत हीच.

पहिलं म्हणजे नावापासून सुरुवात करा. खरं नाव निवृत्तीनाथ रावजी पाटील, गाव सांगलीकडचं येडेनिपाणी, वाळवा तालुका. गीतकारांची टोपणनावं असतात, त्यात "पी. सावळाराम", "सावळाराम", "पी सावळाराम" असं तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, त्यामुळे सर्च करताना तिन्ही टाका. नाहीतर निम्मी गाणी निसटतात.

मग एक साधी एक्सेल शीट उघडा. गाणं, गायक, संगीतकार, सिनेमा की खाजगी, रेकॉर्डचा नंबर, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना, ही माहिती कुठून कळली. हा शेवटचा रकाना मी आधी ठेवला नव्हता, आणि सहा महिन्यांनी शंभरेक ओळी पुन्हा तपासत बसलो. गाणं कधी सुचलं कुठे सुचलं याच्या गोष्टी तर ढिगाने मिळतात, प्रत्येकाच्या काकांनी काहीतरी ऐकलेलं असतं, त्या वेगळ्या पानावर ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात "ऐकीव" लिहा. टाकून देऊ नका, त्यात मजा असते, फक्त यादीत मिसळू नका.

आता वसंतांचा घोळ. मराठी गाण्यात त्या काळात तीन वसंत होते, वसंत प्रभू, वसंत देसाई आणि वसंत पवार, आणि यूट्यूबवर गाणं चढवणारे बिनधास्त एकाचं दुसऱ्याला देऊन टाकतात. सावळारामांची जोडी मुख्यतः वसंत प्रभूंबरोबर, लताबाईंची ती घरोघरी वाजलेली भावगीतं बहुतेक या दोघांची. शिकलेली बायको (१९५९) आणि कन्यादान (१९६०) हे सिनेमेही प्रभूंचेच. पण मोलकरीण (१९६३) वसंत देसाईंचा. त्यातलं देव जरी मज कधी भेटला सावळारामांचं, आणि त्याच सिनेमातलं दैव जाणिले कुणी हे मात्र माडगूळकरांचं! म्हणजे एका सिनेमात दोन गीतकार असू शकतात, सिनेमाचं नाव बघून सगळी गाणी एकाच्या खात्यात टाकायची नाहीत. मी टाकली होती. एका काकांनी फोन करून झापलं.

पुराव्याचा क्रम माझ्या मते असा. सगळ्यात वर जुन्या ७८ च्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डचं लेबल आणि सिनेमाबरोबर थिएटरात विकायचे ती गाण्यांची पुस्तिका. त्याखाली सिनेमाची श्रेयनामावली, तिथे गीतकारांची नावं असतात पण कुठलं गाणं कोणाचं ते बऱ्याचदा नसतं. मग छापील गीतसंग्रह, मग आठवणीतली गाणी सारखी साइट, जिथे निदान काळजी घेऊन गीतकार-संगीतकार दिलेले असतात, आणि शेवटी यूट्यूबचं वर्णन, जे धरायचंच नाही.

पण लेबलही डोळे मिटून मानू नका. महल (१९४९) मधल्या आयेगा आनेवाला च्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं "कामिनी", म्हणजे सिनेमातल्या पात्राचं, लताबाईंचं नाही. तेव्हा तशी रीतच होती.

लेबलवर नंबर असतो तो कंपनीचा विक्रीचा, दोन्ही बाजूंना तोच. त्याच्या बाहेर, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात, एक नंबर कोरलेला दिसेल, तो मॅट्रिक्स नंबर, प्रत्येक बाजूचा वेगळा. कुठलं गाणं आधी रेकॉर्ड झालं याचा अंदाज याच्यावरून बांधता येतो, कारण विक्रीचा नंबर गाणं बाजारात येताना पडायचा आणि रेकॉर्डिंग त्याच्या आधी कधीही झालेलं असायचं. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघा, सरळ धरला तर काही दिसत नाही.

रेकॉर्ड शोधायच्या असतील तर आधी स्वतःच्या आणि नातेवाईकांच्या माळ्यावर. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगा रीडेव्हलपमेंटला चालल्यात आणि लोक पेट्याच्या पेट्या भंगारात देतायत, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, मला अशाच अकरा मिळाल्या. नाहीतर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार, पण तिथे घासाघीस करायची तयारी ठेवा आणि रेकॉर्ड उजेडात धरून केसासारखी चीर गेलीये का बघा. पुस्तकांसाठी आणि जुन्या अंकांसाठी ठाणे स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं आहे, एक आख्खा शनिवार काढून जा.

घरी आणल्यावर साफसफाई, आणि इथे कृपया ऐका. ७८ ची रेकॉर्ड लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, कोलोन, काही लावायचं नाही. मला एका दुकानात एकाने कौतुकाने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून दिली, घरी येऊन लावली तर नुसता खरखराट, गाणं गेलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कपडा, खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, बस. आणि ठेवताना उभी ठेवा, आडव्या एकावर एक रचल्या तर वजनाने तडकतात. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच.

वाजवायची सुई वेगळी लागते. एलपीची (नंतर आलेल्या ३३ स्पीडच्या रेकॉर्डची) सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि आवाज चिरका येतो, ७८ ची साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी विकत मिळते. टर्नटेबलला ७८ चा स्पीड नसेल तरी अडत नाही. ४५ वर वाजवून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि ऑडासिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बदला, तिथे ४५ वरून ७८ असा पर्यायच दिलेला आहे. पहिल्यांदा ४५ वर ऐकताना लताबाई पुरुषी आवाजात गातात ते ऐकून आजी पदर तोंडाला लावून हसत होती. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात म्हणून त्या काळची गाणी एवढी आटोपशीर, सावळारामांनी कडवी मोजून लिहिली ती काही उगाच नाही.

आता हे सगळं ऑनलाइन चढवायचं का? थांबा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते बाजारात आल्यापासून ६० वर्षं, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या रेकॉर्ड त्यातून सुटल्यात. पण शब्दांचा हक्क गीतकार गेल्यावर पुढे ६० वर्षं असतो, सावळाराम १९९७ मध्ये गेले, म्हणजे २०५७ संपेपर्यंत. संगीतकाराचंही तसंच वेगळं मोजायचं. मी गाणी चढवत नाही, फक्त लेबलांचे फोटो आणि यादी शेअर करतो.

फोटोंवरून आठवलं, रेकॉर्ड हातात आली की दुसरं काही करायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. माझी एक वंदनाच्या सिग्नलला रिक्षाने ब्रेक मारला तेव्हा मांडीवरच्या पिशवीत फुटली, चार तुकडे. नंबर आहे यादीत, फोटो दुकानातच काढला होता.