मासे नंतर, आधी श्वास: हॅवलॉकला डायव्हिंग शिकताना

अंदमानला जाणारा मराठी माणूस आधी सेल्युलर जेल बघतो, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक गाठतो. 2018 च्या अखेरीस बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, पण बोटवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. टूरच्या कागदावर तिथल्या दिवसासमोर ‘स्कूबा’ असं छापलेलं असतं. म्हणजे काय, तर अर्धा तास एक इन्स्ट्रक्टर तुमची टाकी मागून धरून तुम्हाला पाण्याखाली फिरवून आणतो. फोटो निघतात, व्हिडिओ मिळतो, घरचे खूश होतात. त्यात वाईट काही नाही, हौस म्हणून जरूर करा. फक्त त्या अर्ध्या तासात डायव्हिंग तो करत असतो, तुम्ही नाही.

मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले, पुण्यात काही वर्षं संगणकासमोर बसले आणि मग हॅवलॉकला कोर्स करता करता डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली नेणारी व्यावसायिक डायव्हर, झाले. हल्ली गावाकडची, कॉलेजातली पोरं विचारतात, ‘ताई, यात करिअर आहे का?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. करिअरचं नंतर बोलू, कारण बहुतेकांचा निर्णय पहिल्या कोर्सच्या दुसऱ्या दिवशीच होऊन जातो.

पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर. पॅडी आणि एसएसआय या दोन संस्थांची सर्टिफिकेटं आपल्याकडे जास्त चालतात. दोन्हींत शिकवतात जवळपास तेच आणि दोन्ही जगभर चालतात, त्यामुळे त्यावर डोकेफोड करू नका. तीन-चार दिवस, थोडी थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात 4 डाइव्ह. पास झालात की सोबत्याबरोबर 18 मीटरपर्यंत जायची मुभा. खर्च मोसमाप्रमाणे साधारण 25 ते 35 हजार, राहणं-खाणं वेगळं. पोहण्याची परीक्षा लोकांना वाटते तेवढी कठीण नसते: न थांबता 200 मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगून राहायचं. विहिरीत शिकलेल्यांना हे सहज जमतं. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आधी गावात पोहायला शिकून यावं. बेटावर येऊन दोन्ही एकदम शिकायला गेलं की धड एकही होत नाही.

मेडिकल फॉर्म खरा भरा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरची सही लागते आणि ती लागावीच. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. मुली हळूच विचारतात म्हणून सांगते, पाळीत डायव्हिंग चालतं. शार्क येईल वगैरे ऐकलेलं सोडून द्या.

आता पाण्यातलं. पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर गुडघे टेकून जातो. टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरून पाण्याखाली पहिला श्वास घेताना सगळं शरीर ‘नको’ म्हणतं. ते दोन मिनिटांत शांत होतं. खरी अडचण पुढे येते, आणि ती म्हणजे मास्क. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं, मग वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची, नजर किंचित वर करायची आणि नाकातून सावकाश श्वास सोडायचा. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. वाचायला सोपं आहे. पण नाकाशी पाणी आलं की माणूस तोंडाने श्वास घ्यायचं विसरतो आणि ताडकन उभा राहतो. कोर्स सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात, खोल पाण्यात नव्हे. यावर उपाय घरीच होतो. बादलीत तोंड बुडवायचं, नाक मोकळं ठेवायचं आणि स्नॉर्केलच्या नळीतून तोंडाने श्वास घेत राहायचं. येण्याआधी आठवडाभर हे करणारी मुलं पहिल्याच दिवशी बाकीच्यांच्या पुढे असतात.

मग कान. पृष्ठभागावर हवेचा दाब 1 बार, 10 मीटरवर तो 2 बार होतो, म्हणजे थेट दुप्पट. पुढच्या 10 मीटरमध्ये दोनाचे तीन होतात, वाढ दीडपटच. म्हणून सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरमध्ये होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान ‘पक्’ करून मोकळे होतात. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, दुखायच्या आधी, दर मीटरला करायचं. नाही मोकळे झाले तर मीटरभर वर या आणि पुन्हा करा. बाकीचे खाली थांबलेत म्हणून घाई करू नका, ते थांबतील.

याच दाबाच्या हिशेबातून डायव्हिंगचा पहिला नियम येतो: श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीभर हवा घेऊन, श्वास रोखून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसं तेवढी ताणत नाहीत. म्हणून वर येताना सावकाश यायचं आणि श्वास चालू ठेवायचा. शिवाय 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. खुणाही नीट पाठ करा. आपल्याला अंगठा वर करून ‘मस्त!’ म्हणायची सवय असते. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. मजा येत असल्याचं सांगायला अंगठा दाखवणाऱ्या पाहुण्यांना इन्स्ट्रक्टर इमानेइतबारे वर घेऊन आलेले मी पुष्कळ वेळा पाहिलेत.

हे सगळं जमलं की उरते बॉयन्सी, म्हणजे पाण्यात हव्या त्या उंचीवर तरंगत राहणं, आणि माझ्या मते डायव्हिंग म्हणजे तेच. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली. पण लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. नवीन माणसाला तेवढा धीर नसतो. श्वास घेतल्यावर काही झालं नाही असं वाटून तो हात मारतो, लाथ मारतो, बीसीडीत, म्हणजे अंगातल्या हवेच्या जाकिटात, हवा भरतो आणि मग सगळं एकदम होऊन फुग्यासारखा वर सुटतो. हात छातीशी घडी घालून ठेवा. शिशाची वजनं गरजेपेक्षा जास्त बांधू नका. जास्त वजन म्हणजे ते तोलायला जास्त हवा, आणि मग ती हवाच तुम्हाला नाचवते. श्वास लांब झाला की टाकीही पुरते. 200 बारची टाकी नवखा अर्ध्या-पाऊण तासात 50 वर आणतो, तेव्हा त्याच्या इन्स्ट्रक्टरकडे जवळजवळ अर्धी शिल्लक असते.

बॉयन्सी पोवळ्यांसाठीही हवी. गोल दगडासारखं दिसणारं पोराइट्स जातीचं पोवळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. टेबलाएवढा दगड तुमच्या आजोबांपेक्षा म्हातारा असू शकतो. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी तापलं तेव्हा उथळ भागातलं खूपसं पोवळं पांढरं पडून मेलं, 2016 ला पुन्हा फटका बसला. त्यातून जे सावरतंय त्यावर पायाला लावलेलं फिन आपटू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. मेलेला तुकडा, शंखसुद्धा खिशात घालू नका. पोवळी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

मासे आता. कोर्सच्या डाइव्हमध्ये मासे दिसतात पण बघितले जात नाहीत, कारण सगळं लक्ष स्वतःकडे असतं. श्वास लांबला की चित्र बदलतं. माझा सल्ला असा: पाण्याखाली फिरण्यापेक्षा थांबा. एखाद्या मोठ्या दगडाजवळ, वाळूपासून हातभर वर, पाच मिनिटं नुसते तरंगत राहा. अशा ठिकाणी पुष्कळदा क्लीनर रास नावाचे बोटाएवढे निळे-काळे मासे असतात. ते तिथेच राहतात आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात. एक मोठा गोब्रा (ग्रूपर) येतो, अंग थोडं तिरकं करून स्थिर होतो, जबडा उघडतो, कल्ले फाकवतो. तो निळा मासा सरळ त्याच्या तोंडात शिरतो, दातांतले कण, कल्ल्यांतले परजीवी टिपतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. एरवी एवढा मासा गोब्र्याच्या घशात क्षणात गेला असता. काम झालं की गोब्रा अंगाला एक झटका देतो, क्लीनर बाहेर पडतो, मागे थांबलेली तांबोशी पुढे येते. हे बघताना माझ्याबरोबरचा मालवणचा मित्र वर येऊन एवढंच म्हणाला, ‘ती तांबोशी दोन किलोची तरी होती गो.’ कोकणी माणूस समुद्र विसरत नाही.

क्लाउनफिश सगळ्यांनाच हवा असतो. जेट्टीजवळच्या उथळ खडकातही तो दिसतो, ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाच्या झुबक्यात. त्याच्या घरातली सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो आणि खालच्यातलं एक पिल्लू नराच्या जागी येतं. हे लक्षात ठेवून बघा, मग त्या झुबक्यातली धावपळ वेगळी दिसते.

भीती शार्कची बाळगू नका, टायटन ट्रिगरफिशची बाळगा. हातभर लांबीचा, भक्कम दातांचा मासा. एरवी तो आपल्या कामात असतो, पण वाळूत घरटं केलेलं असलं की अंगावर धावून येतो आणि खरंच चावतो. त्याचं राखीव क्षेत्र घरट्यापासून वरच्या दिशेने रुंदावत जातं, म्हणून घाबरून वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता. तळाशी आडवं पोहत, फिन त्याच्या तोंडाकडे ठेवून बाजूला सरका. लायनफिश, स्टोनफिश, पट्ट्यापट्ट्यांचा समुद्रसाप, वाळूत लपलेलं पाकट, यांतलं कुणीही तुमच्या मागे लागत नाही. त्यांच्यावर हात किंवा पाय पडला तरच प्रश्न येतो, आणि तो प्रश्न परत बॉयन्सीचाच असतो.

पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला की 30 मीटरची मुभा मिळते आणि हॅवलॉकच्या खऱ्या जागा उघडतात. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या दोन्ही जागांना इथल्या कॅरेन डायव्हर्सची नावं आहेत. कॅरेन लोकांना इंग्रजांनी 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून अंदमानात आणलं. आज बेटावरच्या उत्तम डायव्हर्समध्ये त्यांची गणना होते. समुद्राकडे नुसतं बघून करंट ओळखणारी ही माणसं बोटीवर असतील तर गप्पा मारा, मॅन्युअलमध्ये नसलेलं बरंच कळतं. या जागांवर बराकुडांचे थवे, शिकार करणारे ट्रेव्हली मासे, कधी नेपोलियन रास दिसतो. करंटही तसाच तगडा असतो, म्हणून ओपन वॉटर संपल्या संपल्या तिथे नेण्याचं आमिष कुणी दाखवलं तर जाऊ नका.

तर करिअर. क्रम असा: ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, प्रथमोपचार, मग डाइव्हमास्टर. डाइव्हमास्टरला वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत, कोर्स सुरू करताना लॉगबुकात 40 डाइव्ह आणि संपताना 60. पुढे इन्स्ट्रक्टर व्हायचं तर 100. यात पैसा लाखांच्या घरात जातो. काही डाइव्ह शॉप इंटर्नशिप देतात, म्हणजे काम करा आणि फी कमी भरा. अशा वेळी काम नेमकं काय, किती महिने, फीत नक्की काय धरलंय हे आधी लेखी घ्या. तोंडी बोलण्यावरून झालेली भांडणं बेटावर कमी नाहीत.

आणि काम म्हणजे काय ते ऐका. अंदमानात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, बोट लवकर निघते. त्याआधी टाक्या चढवायच्या, आणि भरलेली टाकी पंधरा किलोच्या आसपास असते. टाकीच्या तोंडाशी बसणारे रबरी ओ-रिंग तपासायचे, पाहुण्यांच्या मापाचे वेटसूट शोधायचे, बोट लागलेल्याला धरून बसायचं, पाण्यात त्याचा श्वास आणि स्वतःचा दोन्ही मोजायचे. परतल्यावर सगळा गिअर गोड्या पाण्यात धुवायचा आणि वाळत घालायचा. दिवसातला मासे बघायचा वेळ थोडाच. ज्याला माणसांचा कंटाळा येतो त्याने हे करू नये, नुसती समुद्राची आवड पुरत नाही. जिथे मराठी, गुजराती, बंगाली कुटुंबं येतात तिथे घाबरलेल्या मावशींना त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलणारा डाइव्हमास्टर शॉपला हवा असतो, हा मात्र आपला फायदा.

कमाई मोसमी आहे. ऑक्टोबर ते मे धंदा, पावसात मंदी. तारकर्ली, गोव्याचं ग्रांद बेट, कर्नाटकातलं नेत्राणी, सगळीकडे मोसम जवळपास तोच, त्यामुळे जून ते सप्टेंबरचं काय करायचं हे पहिल्याच वर्षी ठरवा. काही जण मालदीव किंवा इंडोनेशियात जातात, पण तिथे बहुतेक करून इन्स्ट्रक्टरची पातळी आणि कामाचा परवाना लागतो. आणखी एक गैरसमज: हे सर्टिफिकेट घेऊन बॉम्बे हायवर काम मिळत नाही. तेलविहिरींवरचं, बंदरांतलं डायव्हिंग हा वेगळा धंदा, त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि धोकेही वेगळे. नातेवाइकांना हे मला दर दिवाळीत समजावून सांगावं लागतं.

अंदमानचा खर्च झेपत नसेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. मालवणचं पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, पण गढूळ पाण्यात शिकलेल्याला पुढे कुठेही अडत नाही. किंवा थिअरी आणि तलावातला भाग पुण्या-मुंबईत उरकून फक्त समुद्रातल्या डाइव्हसाठी हॅवलॉकला या, चार दिवसांचे दोन होतात. शॉप निवडताना किमतीआधी एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी ते विचारा. चारपेक्षा जास्त सांगितले तर दुसरं शॉप बघा. बोटीवर ऑक्सिजन आहे का हेही विचारा आणि असला तर दाखवायला सांगा, चांगलं शॉप आनंदाने दाखवतं. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा, आणि मध्ये हॅवलॉकहून परतीची फेरीही आहे हे धरून. सकाळी डाइव्ह आणि त्याच दिवशी रात्री घरी, असं तिकीट एजंटने काढून दिलं असेल तर डाइव्ह रद्द करा किंवा तिकीट बदला.