सरकारी परदेश शिष्यवृत्ती : फाईल जिथे अडते त्या जागा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज येऊ लागतात. "सर, लंडनचं ऑफर लेटर आलंय, जाहिरात कधी निघेल?" मी उलट विचारतो, "जात वैधता आहे का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "सर, जातीचा दाखला आहे. वैधता वेगळी असते का?"

असते. जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं वेगळं प्रमाणपत्र म्हणजे वैधता. आणि तिला महिने लागतात.

मी स्वतः याच वाटेनं गेलो. परत आल्यापासून आमच्या भागातल्या मुलामुलींच्या फायली बघतो, दरवर्षी आठ-दहा. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. ज्याला कोलंबिया किंवा मँचेस्टरनं प्रवेश दिला, त्याच्या हुशारीबद्दल मंत्रालयातही कुणाला शंका नसते. गाडी अडते ती कागदांच्या क्रमावर. मुलं सोपे कागद आधी जमवतात आणि वेळखाऊ कागद शेवटी. नेमकं उलटं करायला हवं.

योजना कोणत्या, ते थोडक्यात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागांची. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जागांची; त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकी भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांना. आदिवासी, इतर मागासवर्ग, मराठा समाज यांच्यासाठी वेगळ्या विभागांच्या आणि सारथीसारख्या संस्थांच्या योजना आहेत. अटी सगळीकडे थोड्याफार वेगळ्या, पण चुका त्याच.

वैधता शेवटी ठेवणं

इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला गेलेल्या मुलाकडे वैधता प्रमाणपत्र बहुधा असतंच, कारण प्रवेशाच्या वेळीच ते मागितलं होतं. अडकतात ते बीए, बीकॉम, बीएस्सीवाले. त्यांना तीन वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. पडताळणी समिती पुरावा मागते तो मानीव दिनांकाच्या (त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या) आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), जुना सातबारा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबा शोधायचे. कुणाची वाडी धरणात गेलेली, कुणाच्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. हे काम ऑफर लेटर आल्यावर सुरू करायचं नसतं. ते पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच करून ठेवायचं. वडील, सख्खे काका किंवा आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता आधी झाली असेल, तर तिची प्रत जोडा. वाट बरीच सोपी होते.

नाव एकच, रूपं पाच

ही चूक मला सगळ्यात जास्त भेटते, म्हणून जरा बसून सांगतो.

समजा, मुलीचं नाव पूजा, वडिलांचं रमेश, आडनाव कांबळे. दहावीच्या मार्कशीटवर 'कांबळे पूजा रमेश' असतं. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात कांबळे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात 'पूजा रमेश'. जातीच्या दाखल्यावर तलाठ्यानं आदरानं 'रमेशराव' केलेलं. आधारवर 'पूजा रमेश कांबळे'. विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर पूजानं मार्कशीट समोर ठेवून फॉर्म भरला, त्यामुळे ऑफर लेटर आलं ते 'डिअर मिस रमेश' असं. (माझ्याही बाबतीत हेच झालं होतं. पहिला महिनाभर डिपार्टमेंटची सेक्रेटरी मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारायची आणि मी ओ द्यायचो.)

छाननीत बसलेल्या माणसासमोर ही पाच माणसं असतात. तो 'नावात तफावत' असा शेरा मारतो आणि फाईल त्रुटीच्या गठ्ठ्यात जाते.

उपाय असा. परदेशात पासपोर्टच चालतो, म्हणून पासपोर्टवर आहे तेच नाव ऑफर लेटरवर करून घ्या; विद्यापीठाला एक मेल टाकला की ते दुरुस्त करून देतात. भारतातल्या कागदांत नुसता क्रमाचा किंवा 'राव', 'बाई', 'जी'चा फरक असेल, तर 'या सर्व नावांची व्यक्ती मीच' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, त्रुटी निघायची वाट बघू नका. आडनावच वेगळं असेल किंवा लग्नानंतर बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. राजपत्रातला नावबदल लागतो, आणि लग्नामुळे बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही. आणि पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना कोरा असेल, तर अर्जाच्या आधी तो भरून घ्या. कोऱ्या आडनावामुळे व्हिसाच्या टप्प्यावर होणारा मनस्ताप मी दोघांचा पाहिला आहे.

ऑफर लेटरचं दुसरं पान न वाचणं

मुलं 'काँग्रॅच्युलेशन्स' वाचून स्टेटस ठेवतात. अट असते दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. जाहिरातीत विनाअट प्रवेश मागितला असेल आणि तुमच्या पत्रात 'पदवीच्या अंतिम गुणपत्रिकेच्या अधीन' असं एक वाक्य असेल, तर तो प्रवेश विनाअट राहत नाही. वर ठळक अक्षरात काहीही छापलेलं असू दे.

अटी साधारण तीन: इंग्रजीचे गुण, शेवटच्या सत्राचा निकाल, आणि डिपॉझिट. आयईएलटीएस किंवा टोफेलचे गुण दोन वर्षंच ग्राह्य असतात. गेल्या वेळी अर्ज हुकला म्हणून तेच गुण यंदा वापरायचे असतील, तर तारीख तपासा. निकाल आपल्या विद्यापीठाच्या मर्जीवर, तिथे परीक्षा विभागात जाऊन उभं राहण्याला पर्याय नाही. डिपॉझिटचं मात्र बोलणी करून जमतं. 'मी माझ्या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे, निवड यादी अजून लागायची आहे, कृपया मुदत वाढवा' असा साधा मेल पाठवा. बरीच विद्यापीठं ऐकतात. न विचारताच घरचे दागिने गहाण ठेवून डिपॉझिट भरणारे मी पाहिले आहेत.

त्याच मेलमध्ये आणखी एक विचारून ठेवा: निवड उशिरा झाली, तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येईल का? विलायतेत वर्ग सप्टेंबरात सुरू होतात आणि आपली यादी कधीकधी त्याच सुमारास लागते.

रँकिंगची चुकीची यादी

योजनांना लागते ती क्यूएस या संस्थेनं काढलेली विद्यापीठांची सर्वसाधारण जागतिक क्रमवारी. मुलं बघतात विषयवार. उदाहरण घ्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचं. कला आणि डिझाइनच्या यादीत ती संस्था जगात अव्वल, आणि सर्वसाधारण यादीत तिचं नावच नसतं, कारण एकाच क्षेत्रातल्या संस्था त्या यादीत धरत नाहीत. मग कितीही नावाजलेली असो, उपयोग नाही. शाहू महाराज योजनेत पूर्वी पहिल्या ३०० पर्यंत चालायचं, पुढे मर्यादा २०० वर आली. केंद्राच्या योजनेत ती ५०० आहे. कोणत्या वर्षाची क्रमवारी धरणार, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्या पानाचा तारखेसह प्रिंट काढून फाईलला लावा.

गेल्या वर्षीच्या सीनियरचं ऐकणं

सीनियर मनापासून सांगतो, पण त्याची जाहिरात जुनी असते. २०२४ मध्ये राज्याच्या योजनेत ७५ टक्के गुणांची अट आली, गदारोळ झाला आणि ती मागे घेतली गेली. त्या गडबडीत अनेकांनी 'आपल्याला चालणार नाही' म्हणून अर्जच केला नाही. शासन निर्णय मुळातून वाचा आणि त्यानंतरची शुद्धिपत्रकंही.

केंद्राच्या योजनेत विषयाचीही मेख आहे. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय त्यांनी वगळले. म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियाच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन आज कुणी गेला, तर बाद. मला ही अट पटत नाही. पण फाईल माझ्या पटण्यावर चालत नाही. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहासवाल्यांनी प्रस्ताव लिहिण्याआधीच ती यादी बघावी.

उत्पन्नाचा दाखला

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि १ एप्रिलपासून सेतू केंद्रावर रांग लागते. जाहिरातीत जे वर्ष मागितलं आहे त्याच वर्षाचा तहसीलदारांचा दाखला लागतो, 'मागचा होता, तोच लावला' चालत नाही. पालक नोकरीत असतील तर फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्रही जोडावं लागतं, आणि त्यातला आकडा दाखल्याशी जुळला पाहिजे. दोन-तीन वर्षं आयटीत नोकरी करून मग अर्ज करणाऱ्यांना वाटतं, फक्त वडिलांचं उत्पन्न धरतात. तुमचा पगारही धरतात. लग्न झालं असेल, तर जोडीदाराचाही.

पहिले तीन महिने

निवड झाली, पेढे वाटले, सत्कार झाला. आता पैशाचं बोलू.

केंद्राच्या योजनेत निर्वाह भत्ता बरीच वर्षं वर्षाला ९,९०० पौंड आणि ब्रिटनबाहेर १५,४०० डॉलर असाच होता. भागाकार करा: महिन्याला ८२५ पौंड. लंडनमध्ये राहायला महिन्याला १,४०० पौंडांहून जास्त लागतात, असं तिथलं सरकार व्हिसा देताना स्वतःच गृहीत धरतं. शिवाय पहिला हप्ता विमानतळावर हातात पडत नाही. खातं उघडायचं, त्याचा तपशील पाठवायचा, मग मंजुरी, मग कोषागार. तोवर भाडं, अनामत, पांघरूण, भांडी हे सगळं पदरचं. मी गेलो तेव्हा पहिले नऊ आठवडे मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो आणि डाळ-भातावर काढले. निदान तीन महिन्यांची सोय करूनच निघा. उसने घ्यायचे तर घरच्यांकडून घ्या, सावकाराकडून नको.

शिष्यवृत्तीच्या पत्रात रक्कम, कालावधी आणि कशाकशाचा खर्च सरकार देणार, हे स्पष्ट लिहून घ्या. व्हिसा अधिकाऱ्याला 'निवड झाली आहे' एवढं पुरत नाही. जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्राचं (आपले शैक्षणिक कागद खरे असल्याच्या पडताळणीचं) लगेच बघावं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी सक्तीचं आहे आणि ते एका आठवड्यात मिळत नाही.

दर सत्राचा प्रगती अहवाल आणि गुणपत्रक वेळेत पाठवा. दुसऱ्या वर्षाचा हप्ता त्यावर अवलंबून असतो. पाठवल्याची पोच मेलवर मागा. एका कार्यालयात माझा अहवाल 'आवकमध्ये नाही' असं उत्तर आलं होतं. पोच होती म्हणून वाचलो.

बंधपत्रावर न वाचता सही

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी. सयाजीरावांना शिकून आलेली माणसं राज्यात हवी होती, आणि ते करारात उघड लिहिलेलं होतं. १९१७ मध्ये वाढवून मिळालेली मुदतही संपली तेव्हा बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण अर्धवट होतं. ते परतले, पण निघण्याआधी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊनच. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते त्या परवानगीच्या मुदतीत. मुदतवाढ नाकारली जाऊ शकते, हे धरून विद्यापीठाशी आधीच लेखी बोलून ठेवणं आजही तितकंच कामाचं आहे. विशेषतः पीएचडीवाल्यांना.

आजच्या बंधपत्रात काय असतं? अभ्यासक्रम आणि विद्यापीठ परवानगीशिवाय बदलायचं नाही, अर्धवट सोडलं तर रक्कम परत करायची, शिक्षण संपल्यावर परतायचं. जामीनदारानंही ते वाचलेलं हवं. पुष्कळदा मामा सही करतात आणि त्यांना वाटतं, आपण साक्षीदार आहोत.

परतण्याची अट व्हिसाशीही जोडलेली असते. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर ग्रॅज्युएट व्हिसावर थांबायचं असेल आणि गेल्या १२ महिन्यांत फी व राहण्याचा पूर्ण खर्च एखाद्या सरकारनं केला असेल, तर त्या सरकारचं लेखी संमतीपत्र अर्जासोबत लागतं. ते नसेल तर अर्ज फेटाळला जातो. अमेरिकेत जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर सरकारी पैशानं गेलेल्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. विद्यापीठ एफ-१ (साध्या विद्यार्थी व्हिसा)चे कागद देतंय की जे-१चे, हे कागद हातात पडले की लगेच बघा.

संमतीपत्रासाठीचा अर्ज प्रबंध जमा करायच्या आधीच पुण्याला (राज्याची योजना असेल तर समाजकल्याण आयुक्तालयाला) किंवा दिल्लीला (केंद्राची असेल तर मंत्रालयाला) पाठवा. सोबत बंधपत्राची प्रत, निवडीचं पत्र आणि आजवरच्या सगळ्या हप्त्यांचा तक्ता लावा, म्हणजे तिथल्या टेबलावरच्या माणसाला तुमची जुनी फाईल शोधत बसावं लागणार नाही.