भीती पुसली जात नाही : थेरपीत मेंदूविज्ञान वापरताना या चुका टाळा

पुण्यात नवले पुलाजवळ स्कूटरवरून पडलेल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. हाड जुळलं होतं, पण हँडलला हात लावला की छाती धडधडायची. पहिल्याच सेशनला मी कागदावर मेंदू काढून अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, समजावून सांगितला. त्या मान डोलावत होत्या, श्वास मात्र वरच अडकलेला. इतक्या घाबरलेल्या माणसाला माहिती ऐकू येते, पचत नाही. आधी पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला लावा. चित्र नंतर, तेही दोन वाक्यांत. नाहीतर पुढच्या वेळी ऐकावं लागतं, "माझा अमिग्डालाच बिघडलाय हो."

मोठी चूक पुढे झाली. दोन महिने आम्ही सराव केला : आधी सोसायटीच्या आवारात, मग कोथरूडच्या गल्ल्यांत. नेहमी रविवारी सकाळी, नेहमी मागे त्यांचे मिस्टर. भीती उतरली. "मेंदूचं वायरिंग बदललं," असं मी म्हणूनही गेले. मग पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या एकट्या सिंहगड रस्त्याला लागल्या आणि राजाराम पुलापाशी हात थरथरू लागले. सगळी मेहनत पाण्यात गेली, असं त्यांना वाटलं.

तसं नव्हतं. भीतीची जुनी आठवण सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'इथे धोका नाही' असं नवं शिकणं तयार होतं. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परतते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला कुत्र्यांमध्येही दिसलं होतं. शिवाय हे नवं शिकणं जागेला, वेळेला, सोबतीला बांधलेलं असतं, आणि त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा-प्रसंग लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा वाटा असतो. आम्ही कोथरूडची रविवार सकाळ शिकवली होती, पावसातला सिंहगड रस्ता नाही.

म्हणून आता सराव मुद्दाम बदलता ठेवते : वेगळे रस्ते, गर्दीची वेळ, कधी एकटीने. निघण्याआधी "काय होईल असं वाटतंय?" हे लिहून घ्यायचं आणि परतल्यावर ताडून पाहायचं. अंदाज जितका ठळकपणे चुकतो, तितकं शिकणं पक्कं होतं. भीती परत येऊ शकते, हेही पहिल्यापासून सांगते.

'२१ दिवसांत सवय' हे आश्वासनही देऊ नका. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत खूप फरक होता.

त्या ताईंच्या वहीत आता भीती परतली की एकच प्रश्न असतो : आज वेगळं काय होतं? पाऊस, अंधार की एकटेपणा? उत्तर मिळालं, की पुढचा सराव तिथूनच.