खान्देशातल्या स्टेजसाठी लॅपटॉप घेताना या चुका टाळा

"आय-७ आहे, १६ जीबी रॅम आहे, तरी आवाज कडकड करतो." लगीनसराई सुरू झाली की लॅपटॉपमधून वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कीबोर्डवाल्यांची ही तक्रार ठरलेली. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. लॅपटॉप दुकानातून उचलला, त्याच दिवशी चूक झालेली असते.

स्टिकरवरचा आकडा बघून घेणं

बफर (एका दमात तयार होणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल आणि सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक नमुने) ४४.१ किलोहर्ट्झ ठेवला, तर प्रोसेसरला दर २.९ मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार करून द्यावाच लागतो. एकदा जरी उशीर झाला, की 'टक' ऐकू येतं. म्हणून टास्क मॅनेजर ४० टक्के दाखवत असतानाही आवाज तुटतो. तो आकडा सरासरीचा आणि प्रोसेसरच्या सगळ्या कोअरचा मिळून असतो, तर एका ट्रॅकवरची प्लगइनची (वाद्य किंवा इफेक्ट देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) साखळी साधारण एकाच कोअरवर चालते. आपल्याला हवा तो तासभर न दमता एकसारखा वेग. स्टिकरवर लिहिलेला असतो तो काही क्षणांचा कमाल वेग.

आता चोपडा-अमळनेरकडची मे महिन्यातली वरात घ्या. संध्याकाळचे पाच, हवा ४२-४३ अंश. गाडीवर मागे जनरेटर, पुढे स्पीकर, आणि स्पीकरच्या पेटीवर काळी मखमल अंथरून त्यावर पातळ, देखणा लॅपटॉप. पहिली दोन गाणी झकास. तिसऱ्याला पंखा किंचाळायला लागतो, मखमलीने खालची जाळी बुजलेली असते, कोअर ९५-१०० अंशांवर जातो आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. ४ गिगाहर्ट्झचा थेट २ च्या खाली. ढोलकीचा रेकॉर्ड केलेला आवाज (सॅम्पल) फाटतो. कीबोर्डवाला घाईघाईने बफर १०२४ करतो. कडकड थांबते, पण आता बोट दाबल्यापासून आवाज यायला २३ मिलिसेकंद आणि ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे देणाऱ्या पेटीचा) वेळ वेगळा. ऑक्टापॅडवाल्याचा हात आणि ठेका जुळेनासा होतो. रात्री घरी जाऊन तो लॅपटॉपला फॉरमॅट मारतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तेच. फॉरमॅटने जाळी उघडत नाही, भाऊ!

मॅकबुक घेणाऱ्यांनीही ऐकावं. चालवताना भोवतीची हवा १० ते ३५ अंश असावी, असं अ‍ॅपल स्वतः सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा सावलीतही पारा ३५ पर्यंत उतरत नाही. एम मालिकेच्या एअरमध्ये तर पंखाच नाही. घरी गाणं बांधायला ते उत्तम यंत्र आहे, पण उघड्या मांडवात पंखेवाला प्रोच घ्यावा.

विंडोजमध्ये थोडा जाड, दोन पंख्यांचा, हवा मागून किंवा बाजूने फेकणारा लॅपटॉप बघा. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच असेल तर जास्त वेळ दम धरतो, यू असेल तर लवकर ढेपाळतो. पण अक्षरावर विसंबू नका. आपला सगळ्यात जड प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर आणि इंटरफेस पिशवीत घेऊन दुकानात जा, आणि १२८ बफरवर ४० मिनिटं वाजवा. २० मिनिटं चार्जर लावून, २० काढून. चार्जर काढताच पुष्कळ लॅपटॉप वेग कमी करतात, आणि जनरेटर बंद पडला की स्टेजवर नेमकं तेच होतं. सोबत लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर चालू ठेवा. वाय-फाय किंवा बॅटरीचा ड्रायव्हर मध्ये अडथळा आणत असेल तर ते लाल पट्टीने दाखवतं. दुकानदार एवढा वेळ देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. पाच मिनिटांत बिल करणाऱ्यांची घाईच पुढे सीझनभर नडते.

घेतल्यावर तीन सवयी लावा. लॅपटॉप स्टँडवर, खाली दोन-तीन इंच मोकळी हवा ठेवून. वर पांढरं कापड किंवा छत्री, पण यंत्राला न चिकटणारी. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के. बहुतेक इंटेल लॅपटॉपवर याने टर्बो (काही क्षणांचा तो कमाल वेग) बंद होतो. वेग थोडा कमी, पण शेवटपर्यंत एकसारखा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू पंख्यात बसतात, म्हणून वर्षातून दोनदा तो उघडून साफ करून घ्या.

चार्जर लावला की घूं

ही दुसरी चूक जीवावर बेतणारी आहे. चार्जर काढल्यावर घूं थांबली, तर लॅपटॉप आणि मिक्सर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले गेलेत आणि त्या वर्तुळातून ५० हर्ट्झचा आवाज घुसतोय. यावर अनेक जण चार्जरची अर्थ पिन मोडतात. असं कधीही करू नका. घूं जाते, पण कुठे गळती झाली तर करंटला जमिनीत जायची वाट उरत नाही, आणि गायकाचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला लागलेले असतात.

आधी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारी पेटी) लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट (फक्त आवाजाच्या तारेची अर्थची वाट तोडणारं बटण) दाबा. स्टिरिओला दोन चॅनल लागतात. तारा बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या) घ्या, हेडफोनच्या भोकातून स्टेजला आवाज देऊ नका. शेतात उभ्या केलेल्या जनरेटरला अर्थिंगचा रॉड ठोकलाय का, हे साउंडवाल्याला विचारा, आणि काही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल २२०-२४० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला तर प्लगमध्ये ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात आणि चार्जर, इंटरफेस एकदमच जातात.

बाकीच्या, थोडक्यात

८ जीबीची रॅम बोर्डावरच पक्की असेल तर घेऊ नका, ती पुढे वाढत नाही. १६ जीबी कमीत कमी, सनई-संबळाच्या सॅम्पल लायब्ररी जड असतील तर ३२.

महागडं ग्राफिक्स कार्ड आवाजाला काही देत नाही, उष्णता मात्र देतं. ते पैसे १ टीबी एसएसडीत घाला.

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला. स्वस्त हबवर फार तर पेनड्राइव्ह.

ब्लूटूथ हेडफोनवर वाजवणं शक्य नाही. उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो.

क्रॅक केलेले प्लगइन स्टेजच्या मशीनवर नकोतच. ते कधी बंद पडतील याचा भरवसा नाही, आणि त्यांच्यासोबत काय आत शिरलंय हेही कळत नाही. परवाना इंटरनेटवर तपासणारे प्लगइनही आधी घरी नेट बंद करून उघडून बघा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रेंज मिळेलच असं नाही.

अपडेट कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी थांबवा. स्टेजवर एअरप्लेन मोड, विंडोजचे सूचना-आवाज बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद.

आणि कानबाईची मिरवणूक असो की हळद, सगळी गाणी मिक्स करून मोबाइलमध्ये ठेवा. तो मोबाइल मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला आधीच जोडलेला, आवाज तपासलेला, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली. लॅपटॉप अडकला तर तो फेडर वर करायचा आणि मगच रीस्टार्टला हात घालायचा.