क्लॅरिनेटला माउथपीस कुठला घ्यायचा?

क्लॅरिनेट घेताना आपण लाकूड कुठलं, चाव्यांना पॉलिश कसलं, पॅड बदललेत का, सगळं बघतो आणि डब्यात जो माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) आलाय तोच वर्षानुवर्षं वाजवत बसतो. माझं स्पष्ट मत असं की पैसे मोजकेच असतील तर नवं क्लॅरिनेट राहू द्या, आधी माउथपीस बदला. साधं प्लास्टिकचं वाद्यसुद्धा चांगल्या माउथपीसवर बरं वाजतं, महागड्या वाद्याला भंगार माउथपीस लावला तर त्याचा काही उपयोग नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फट, रीडचं (माउथपीसवर बांधलेल्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचं) टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात जेवढी जागा असते ती. यामाहाचा ४सी, जो शिकणाऱ्यांकडे हमखास दिसतो, त्याची फट १.०५ मिमी आहे, व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीच्या ५आरव्ही लायरची १.०९५ आणि बी४५ची १.१९५. आकडे वाचून वाटतं यात काय एवढं, पण ओठांना लगेच कळतं. फट मोठी असली की रीडला जास्त वाकावं लागतं म्हणून रीड मऊ लागते, फट लहान असली की कडक चालते. बी४५वर साधारण अडीच नंबरच्या रीडने सुरुवात करा (नंबर मोठा तितकी रीड कडक), ५आरव्ही लायरवर तीनने. बरेच जण इथेच फसतात, नवा माउथपीस आणतात, त्याला जुनीच रीड लावतात, मग दम लागतो नाहीतर आवाज चिरका येतो आणि दोष माउथपीसला. दोन्ही जोडीने घ्यायचं, ट्राय करायला जाताना दोन-तीन नंबरच्या रीड खिशात ठेवायच्याच.

आवाजाचं म्हणाल तर लहान फटीचा आवाज बांधीव, हळू वाजवताना हातात राहणारा. मोठ्या फटीचा मोकळा, आणि सूर ओठाने वाकवता येतो, त्यामुळे गायकी अंगाने मींड घेऊन वाजवणाऱ्यांना तो आवडतो. पण सूर वाकतो म्हणजे घसरतोही, त्यामुळे कान पक्का नसेल तर बी४५च्याही पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट आतली आहे म्हणून कोणी बघत नाही. रीडच्या बरोबर समोरची जी आतली भिंत, बॅफल म्हणतात तिला, ती खोलगट असेल तर आवाज गडद आणि गोल येतो, सपाट किंवा उंच असेल तर तेज आणि धारदार. आता यात चांगलं-वाईट काही नाही, कुठे वाजवणार ते बघा. वरातीत ताशाच्या शेजारी उभं राहून वाजवायचं असेल तर तो गडद मखमली आवाज दहा फुटांवरही पोचत नाही, तिथे धारच हवी. हॉलमध्ये माइकसमोर तीच धार कानाला टोचते.

मटेरियलवर लोक फार वाद घालतात, एबोनाइट (कडक रबर) की क्रिस्टल (काच) की प्लास्टिक, माझ्या मते आतला आकार जास्त महत्त्वाचा. एबोनाइट घेतलात तर गरम पाण्याने धुऊ नका एवढंच, रंग उडतो आणि आकार वाकायची भीती असते.

ट्राय करताना आधी रीड नीट ओली करून लावा, मागचं भोक तळहाताने गच्च दाबा, पुढून हवा ओढून घ्या आणि तोंड काढा. क्षणभर थांबून 'टप' आवाज आला तर रीड आणि माउथपीस नीट चिकटतायत. दोन-तीन रीड बदलूनही हवा लगेच सुटत असेल तर माउथपीस सपाट नाही, तो सोडा. मग नुसता माउथपीस आणि बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) जोडून फुंका, बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर पेटीवरच्या काळी तीनच्या आसपास यायला हवा, बराच खाली येत असेल तर ओठ ढिले पडतायत. त्यानंतर पूर्ण वाद्यावर ए वरून बी वर जा, म्हणजे जवळपास मोकळ्या बोटांवरून एकदम सगळी भोकं झाकायची ती जागा. तिथे आवाजाचा पोत फार बदलला किंवा सूर तुटला तर पुढचा माउथपीस घ्या. जोरात वाजवून भुलू नका, एकदम हळू सुरू करून बघा, तिथेच खरं काय ते कळतं. आणि मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा, कारण वरचे दात माउथपीसवर असतात, तो आवाज हाडांतून कानात जातो आणि आपल्याला ऐकू येतो तसा समोरच्याला येतच नाही.

पट्टीचाही विचार करा. व्हँडोरेनचे नेहमीचे माउथपीस 'ए' सूर ४४२ हर्ट्झला धरून असतात, त्यांची १३ सिरीज ४४०ला. कीबोर्डसोबत वाजवणार असाल तर १३ सिरीज सोयीची. नेहमीच्यावर बॅरल जरा बाहेर ओढून भागतं, पण जास्त ओढलं की मधले सूर इतरांपेक्षा जास्त उतरतात.

जुना माउथपीस घेत असाल तर टोक उजेडात धरून बघा, कडेला केसाएवढा जरी टवका उडालेला असला तरी किंचाळणार, तिथे भाव करत बसू नका. आणि जर्मन पद्धतीचा तर नाही ना हेही विचारा, त्याला रीड अरुंद लागते, आपल्याकडच्या नेहमीच्या त्यावर बसत नाहीत.