कापसाच्या वावरात पोर्ट्रेट कसे काढावे

फोटोग्राफीच्या कुठल्याही क्लासात पहिला धडा ठरलेला असतो: सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्ताआधीचा तास सोडू नका. हाच धडा घोकून एका डिसेंबरात मी पावणेसातला यवतमाळकडच्या एका वावरात जाऊन उभा राहिलो. ऊन सोन्यासारखं, पऱ्हाटी दवाने चिंब, आणि वावरात एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही. दव सुकल्याशिवाय वेचणी सुरू करत नाहीत, ओल्या कापसाला व्यापारी भाव पाडतो. बाया आल्या साडेनऊला, ऊन चांगलं कडक झाल्यावर.

तेव्हापासून मी आधी वावराचं वेळापत्रक विचारतो, सूर्याचं मग बघतो. दसरा-दिवाळीपासून जानेवारीपर्यंत वेचे चालतात. पोर्टफोलिओसाठी असो की एखाद्या मासिकाच्या कामासाठी, विदर्भात माणसांचे फोटो काढायला याहून चांगला हंगाम मला ठाऊक नाही.

आधी तोंड दाखवा

गावात शिरताच कॅमेरा गळ्यात नको. सरपंच किंवा पोलीस पाटलाला भेटा, कुठले, कशासाठी आलात ते सांगा. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा कधी उठेल याचा नेम नसतो, आणि लेकरांचे फोटो काढत फिरणारा अनोळखी माणूस त्यात आधी सापडतो. मग वावराच्या मालकाला विचारा. तो हो म्हणाला म्हणजे बाया हो म्हणाल्या असं धरू नका, त्यांना वेगळं विचारा. "कुठी छापता बाप्पा आमचा फोटो?" हा प्रश्न येतोच. खरं ते सांगा. फोटो जाहिरातीत जाणार असेल तर एका पानाचं मराठी संमतिपत्र जवळ ठेवा, मोठ्याने वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या.

वेचणीची मजुरी किलोवर असते, हे बहुतेक शहरी फोटोग्राफर विसरतात. तुम्ही एखादीला वीस मिनिटं उभं केलं तर तेवढा कापूस तिच्या ओटीत कमी पडतो. एक तर त्या वेळेचे पैसे द्या, नाहीतर कामाच्या वेळी लांबूनच फोटो घ्या आणि पोर्ट्रेटसाठी जेवणाच्या सुटीची वाट पाहा.

एक वाजता, झाडाखाली

दुपारच्या उन्हात पोर्ट्रेट काढू नये म्हणतात. उघड्यावर काढू नये हे खरं, पण एकच्या सुमारास सगळ्या जणी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुनिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसतात तेव्हा मोठ्या, मऊ सावलीचा स्टुडिओ आयता मिळतो. फक्त एक अडचण आहे. आपली काळी माती उजेड गिळते. फिकट जमिनीवरून जसा खालून थोडा उजेड चेहऱ्यावर येतो तसा इथे येत नाही, डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळा पडतो. शिवाय झाडाच्या अगदी बुडाशी पानांची हिरवट झाक चेहऱ्यावर उतरते.

म्हणून सावलीच्या कडेला, तोंड उघड्या आभाळाकडे करून बसवा. मांडीवर वेचलेल्या कापसाची भरलेली ओटी असेल तर ती काढून ठेवू देऊ नका. तिच्याइतका चांगला रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवणारी वस्तू, तुमच्या बॅगेत नाही. ओटी रिकामी असेल तर पांढरं धोतर किंवा उसवलेलं पांढरं पोतं समोर अंथरा. ते धरायला पोरांना बोलवा. काम मिळालं की ती फ्रेममध्ये घुसत नाहीत.

लेन्स 50 किंवा 85 मिलिमीटरची, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) f/2.8, शटर 1/250 सेकंद. दोघी-तिघी असतील तर f/5.6 करा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे स्पष्ट येतात.

चेहऱ्याचं एक्स्पोजर

इथे माझे सुरुवातीचे बरेच फोटो वाया गेले. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी सोय, समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौफेर पांढरा कापूस दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. कापूस मळकट दिसतो आणि सावळा चेहरा पार काळा पडतो. म्हणून पूर्ण फ्रेमचं मीटरिंग असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक 2/3 ते अधिक 1 वर न्या. स्पॉट मीटरिंगने थेट चेहरा मोजत असाल तर उलटं करा. सावळ्या त्वचेला मीटर गरजेपेक्षा उजळ करतो, तिथे उणे 2/3 च्या आसपास बरं पडतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये घ्या आणि स्क्रीनवर कुठे पांढरं लुकलुकतंय ते बघा, तिथे उजेड जास्त होऊन तपशील गेलेला असतो. कापसाची एखादी बोंड जळाली तर जळू द्या, चेहरा घालवू नका. नंतर एडिटिंगमध्ये चेहरा गोरा करायचा मोह होतो, तो मला अपमानच वाटतो.

पहिला फोटो त्यांचा

कोणालाही बसवलं की हात सरळ, मान ताठ, चेहरा गंभीर होतो. "नॅचरल राहा" म्हणून काही होत नाही. त्यांना हवा तसा, पायापासून डोक्यापर्यंतचा, पदर सावरून उभा फोटो आधी काढा आणि दाखवा. मग गप्पा सुरू होतात, कोणाची तरी थट्टा होते, आणि तुमचा फोटो तिथे मिळतो.

घरातला कापूस

भाव चढेल या आशेने कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. घरच्या म्हाताऱ्याला दाराच्या आत हातभर, ढिगाकडे पाठ न करता बाजूने बसवा. दारातला उजेड एका गालावर, ढिगावरून परतलेला दुसऱ्या गालावर. स्टुडिओतले दिवे याच्यापुढे फिके वाटतात. फेब्रुवारीनंतर अशा खोलीत शिरायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. लेन्स मात्र वावरात किंवा या खोलीत बदलू नका. कापसाचा एक बारीक तंतू सेन्सरवर बसला की दिवसभराच्या प्रत्येक फोटोत दिसतो.

काटा

साडेचारच्या सुमारास गाठोडी झाडाखाली येतात, काटा लटकतो आणि प्रत्येकीचं वजन होतं. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे क्लासातला तो सोनेरी तास इथे कामाच्या वेळेवर चपखल बसतो. सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवा, 35 मिलिमीटरची लेन्स लावा. उडालेले तंतू आणि धूळ उन्हात चमकतात. आकड्याकडे लागलेले डोळे हे त्या दिवसातलं सगळ्यात खरं पोर्ट्रेट असतं. वजनावरून वाद झालाच तर कॅमेरा खाली घ्या.

फिरस्तीचं काम जोडून घ्या

एकाच खर्चात प्रवासाचे फोटोही निघतात. वर्ध्याकडे असाल तर सेवाग्रामच्या कुट्या सकाळी करा. लोणारच्या सुमारे 1.8 किलोमीटर रुंद विवराची कडा उंच असल्यामुळे तळाशी ऊन उशिरा उतरतं, घाई करू नका. गावातल्या दैत्यसूदन मंदिरासारख्या संरक्षित स्मारकात स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी नंदी ओढत सजून आलेली लेकरं पाहायला तरी याच.

प्रिंट

4 बाय 6 च्या प्रिंट काढून पंधरा दिवसांत पोचवा. पहिल्या वर्षी मी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळा झालो होतो, तेही मालकाच्या नंबरवर. पुढच्या हंगामात त्याच वावरात गेलो तर एका आजीने ओळखलं, काम थांबवलं नाही, मानही वर केली नाही. "मांगच्या खेपेचा फोटो कुठी हाय रे बापू?" एवढंच विचारलं. त्या दिवशी मला तिचा फोटो मिळाला नाही. जानेवारीत प्रिंट घेऊन गेलो तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली, पदराने पुसली आणि म्हणाली, "नाकात नथ घालून येतो, आता काढ."